कुंपणामागची टॉवर लाईन

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा सोसायटीची स्थापना, बोअरचे पाणी, अंतर्गत रस्ते, मंदिर या विषयांवर लिहिणारी मंडळी आधीच ठरलेली होती. ती त्या विषयांना माझ्यापेक्षा चांगला न्याय देतील. मी घेतलेला विषय आपल्या एकाही वार्षिक अहवालात आलेला नाही. पण 'आयत्या वेळचे विषय' पुकारल्यावर तो निघाला नाही, अशी सर्वसाधारण सभाही मला आठवत नाही. आपल्या मागच्या कुंपणापलीकडून १३२ केव्हीची टॉवर लाईन जाते आणि तिच्याजवळ राहिल्याने लहान मुलांना कॅन्सर होतो, ही चर्चा आपल्याकडे पंचवीस वर्षे दबक्या आवाजात चालू आहे. ती आली कुठून, जगात तिचे काय झाले, आणि आपण तिचे काय करायचे, एवढेच इथे लिहितो.

नव्या पिढीला एक गोष्ट माहीत नसेल. लाईन आधी होती, सोसायटी नंतर आली. ही जमीन आपल्याला त्या वेळच्या दरापेक्षा कमी भावात मिळाली त्याचे निम्मे कारण ही लाईन होते आणि उरलेले निम्मे म्हणजे गावापासूनचे अंतर. बँकेत असताना मी कितीतरी प्लॉटचे मूल्यांकन पाहिले आहे. लाईनखालचा किंवा लाईनीलगतचा प्लॉट म्हटले की मूल्यांकन करणारा हात आखडता घेतो. त्यात कॅन्सरचा विचार नसतो, बांधकामाला मिळणाऱ्या जागेचा असतो. आता गावच आपल्यापर्यंत आले आणि पुढेही गेले, त्यामुळे अंतराचा मुद्दा संपला. लाईनीचा राहिला.

आमच्या लहानपणी या तारांची भीती कोणालाच नव्हती. होती ती वाट पाहणे. बारामती-इंदापूरकडे पाणी आधी आले, वीज फार उशिरा. नीरा डावा कालवा १८८५ चा. १९३४ च्या सुमारास शेठ वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला, त्याचे वालचंदनगर झाले. चिपाडावर बॉयलर चालवून कारखाना आपली वीज आपण करू शकत असे. आजूबाजूच्या गावांत मात्र चिमणी आणि कंदील. विहिरीवर मोट, आणि ज्याची ऐपत त्याचे ऑईल इंजिन. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि त्यानंतर खांब गावोगाव सरकत आले. 'आमच्याकडे लाईट आली' हे पाहुण्यांना पत्रात लिहून कळवायची गोष्ट होती. डीपी आपल्या शेताजवळ बसावी म्हणून माणसे वशिले लावत. आज तीच डीपी घराजवळ नको म्हणून अर्ज होतात!

त्याही आधीची महाराष्ट्रातली मोठी लाईन म्हणजे टाटांची. खोपोलीला घाटावरचे पाणी खाली सोडून १९१५ मध्ये वीज तयार झाली आणि मुंबईला परळपर्यंत तारांनी नेली, गिरण्यांसाठी. ही योजना जमशेटजींच्या कल्पनेतली, पुरी केली थोरले चिरंजीव दोराबजी यांनी. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी पत्नीच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी काढला, आणि त्याच वर्षी तेही गेले. वीज आणि हा आजार एका घरात अशा रीतीने एकत्र आले; पण त्यांचा एकमेकांशी संबंध असेल, असे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. आजही कोणी मेहेरबाईंचे उदाहरण देऊन तसा संबंध जोडू नये.

संबंध जोडला गेला तो अमेरिकेत. डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर नावाच्या बाई होत्या. कुठल्या मोठ्या संस्थेचे अनुदान पाठीशी नव्हते. ल्युकेमियाने गेलेल्या मुलांचे पत्ते काढून त्या १९७४ च्या सुमारास त्या त्या गल्लीत फिरू लागल्या. हा आजार संसर्गाने पसरत असावा आणि म्हणून घरे जवळजवळ सापडतील, अशी मूळ कल्पना होती. तसे काही दिसले नाही. दिसले ते हे, की बऱ्याच घरांजवळ विजेच्या खांबावर ट्रान्सफॉर्मर होता. मग एड लीपर या भौतिकशास्त्र जाणणाऱ्या मित्राला बरोबर घेऊन त्यांनी १९५० ते १९७३ या काळात कॅन्सरने मृत्यू पावलेल्या ३४४ मुलांची घरे आणि तुलनेसाठी तेवढ्याच इतर मुलांची घरे तपासली. मीटरने काही मोजले नाही. तारा किती जाड, ट्रान्सफॉर्मर किती जवळ, यावरून घरांचे वर्ग पाडले. जास्त प्रवाहाच्या तारांजवळच्या घरांत कॅन्सरचे प्रमाण दुप्पट-तिप्पट दिसले. हा निबंध १९७९ मध्ये छापला गेला. आपण समजतो तसे मोठे टॉवर त्यात मुख्य नव्हतेच. गल्लीतले खांब होते, आपल्या भाषेत डीपीची लाईन.

इथे थोडे शास्त्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तारेभोवती दोन क्षेत्रे असतात. व्होल्टेजमुळे विद्युत क्षेत्र तयार होते. ते भिंतीने, झाडाने बरेचसे अडते. तारेतून वाहणाऱ्या प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते भिंतीने अडत नाही. शंका आहे ती या दुसऱ्यावर. ते मोजतात मायक्रोटेस्लात. तारेपासून दूर जावे तसे ते झपाट्याने उतरते. मोठ्या लाईनखाली ते काही मायक्रोटेस्ला भरते, शे-दीडशे मीटरवर घरातल्या नेहमीच्या पातळीजवळ येते. चालू मिक्सरला किंवा केस वाळवायच्या यंत्राला चिकटून मोजले तर ते लाईनखालच्यापेक्षा जास्त भरू शकते, पण हातभर अंतरावर पडते, शिवाय मिक्सर काही रात्रभर चालत नाही. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तीस ते साठ मायक्रोटेस्ला आहे. पण ते स्थिर आहे आणि तारांचे सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, त्यामुळे दोहोंची तुलना करून 'मग काय घाबरायचं' म्हणणेही बरोबर नाही.

डेन्व्हरच्या निबंधानंतर अमेरिकेत गदारोळ झाला. १९८९ मध्ये पॉल ब्रोडर या पत्रकाराने एका नामांकित साप्ताहिकात लेखमाला लिहिली, तिचे पुस्तक झाले, आणि घराघरांत लाईनीची भीती पोहोचली. शाळा हलवा, लाईन जमिनीखाली घाला, घराची किंमत पडली, भरपाई द्या. आपल्या सभेतले सगळे मुद्दे तिथे आधीच होऊन गेले आहेत. दरम्यान १९८८ मध्ये डेन्व्हरमध्येच दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा पाहणी केली. तारांच्या वर्गवारीशी संबंध दिसला, पण पहिल्यापेक्षा कमी. आणि घरात मीटर नेऊन प्रत्यक्ष मोजले तर त्याहूनही कमी.

मग स्वीडन. त्या देशातली माणसांची नोंद आपल्या सात-बाऱ्यासारखी नाही, खरोखरच पक्की असते. २२० आणि ४०० केव्हीच्या लाईनींपासून ३०० मीटरच्या आत १९६० ते १९८५ या काळात राहिलेल्या सर्वांची यादी करून, कोणत्या वर्षी कोणत्या लाईनीतून किती प्रवाह जात होता त्याचे जुने रेकॉर्ड काढून, फेइख्टिंग आणि आल्बोम यांनी हिशेब मांडला. १९९२-९३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जास्त क्षेत्रातल्या मुलांत ल्युकेमिया अधिक दिसला. पण पंचवीस वर्षांच्या या हिशेबात ल्युकेमियाची एकूण मुले होती ३९, आणि जास्त क्षेत्राच्या रकान्यात बोटांवर मोजण्याइतकी. बँकेतल्या माणसाला हे लगेच कळते. दहा खात्यांच्या शाखेत दोन कर्जे थकली तर टक्केवारी भयंकर दिसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९९६ मध्ये तोपर्यंतचे सगळे काम तपासून सांगितले की घरातल्या विजेच्या क्षेत्रांनी आरोग्याला धोका होतो, असे पुराव्याने दिसत नाही. १९९७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने ६३८ आजारी मुलांच्या घरांत मोजमाप करून जवळपास तेच सांगितले. आपण सोसायटी काढली तेव्हा खरे तर प्रश्न मिटत आला होता.

पण मिटला नाही. २००० मध्ये आल्बोम आणि सहकाऱ्यांनी नऊ देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, ३,२४७ आजारी मुले. निष्कर्ष दोन भागांत होता आणि लोक आपापल्या सोयीने एकच भाग सांगतात. पहिला भाग: ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा कमी क्षेत्रात राहणाऱ्या मुलांना, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णवांहून अधिक मुलांना, जादा धोका दिसत नाही. दुसरा भाग: त्याहून जास्त क्षेत्रात सरासरी राहणाऱ्या ०.८ टक्के मुलांत ल्युकेमिया सुमारे दुप्पट दिसतो, आणि हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. मात्र कारण समजत नाही, आणि पाहणीसाठी कोणती कुटुंबे तयार झाली यामुळेही आकडा थोडा फुगलेला असू शकतो. याच आधारावर २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या क्षेत्रांना 'कदाचित कॅन्सरकारक' या वर्गात, २-ब मध्ये, घातले.

हा '२-ब' आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून 'सिद्ध झाले' म्हणून फिरतो. त्याच यादीत आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. 'नक्की कॅन्सरकारक' असा पहिला वर्ग वेगळा आहे. त्यात तंबाखू आहे आणि सुपारीसुद्धा. सकाळी मिसरी लावत लावत मागच्या टॉवरकडे काळजीने पाहणाऱ्या दोन आज्जी माझ्या माहितीत आहेत. त्या हे वाचतील आणि मला बोल लावतील, हेही माहीत आहे.

आता आपल्या सोसायटीतली गोष्ट. नाव, साल आणि बंगला लिहीत नाही. जुन्यांना कळेल, नव्यांना कळायची गरज नाही. मागच्या ओळीतल्या एका घरातल्या मुलाला ल्युकेमिया झाला. ताप जात नव्हता, रंग उतरला होता, पाय दुखतात म्हणायचा. पुण्याला तपासण्या झाल्या आणि मग अडीच-तीन वर्षे ते घर मुंबई-बारामती करत राहिले. कुटुंब मूळचे इंदापूर तालुक्यातले, पोरांच्या शिक्षणासाठी इथे आलेले. त्या काळात एका संध्याकाळी मुलाची आई आमच्याकडे आली. मी कर्जाचे, विम्याचे कागद बघून देत होतो त्यासाठी. कागद झाल्यावर म्हणाली, "काका, खरं सांगा. हा प्लॉट आम्ही स्वस्त पडला म्हणून घेतला. नसता घेतला तर?"

सासरकडचे लोक तिला हेच सुनावत होते. मागच्या ओळीचा आग्रह तिचा होता, अंगण मोठे मिळते म्हणून.

मी तिला त्या दिवशी सांगितले ते एवढेच, की डॉक्टरांना विचारू आणि मीही वाचतो. डॉक्टरांनी सांगितले, तुमच्या मुलाला हा आजार कशाने झाला ते कोणीच सांगू शकणार नाही, पण प्लॉटमुळे झाला असे मानायला आधार नाही. मी वाचायला लागलो तो तेव्हापासून, आणि हा लेख त्या वाचनाचाच आहे. मुलगा बरा झाला. पण कुटुंब इथे थांबले नाही. बंगला विकून गेले. तो ज्यांनी घेतला त्यांना दोन लहान मुले होती आणि त्यांनाही तो स्वस्तच पडला.

त्याच सुमारास सभेत ठराव आला की लाईन हलवण्यासाठी कोर्टात जायचे आणि वर्गणी काढायची. दुसऱ्या बाजूने म्हणणे, की असा ठराव इतिवृत्तात लिहिला तर उद्या एकाचाही बंगला विकला जाणार नाही. दोन्ही बाजूंचे आवाज चढले. ठराव बारगळला. मला त्या सभेतले खटकले ते वेगळेच. कोणीही विचारले नाही की धोका असलाच तर तो केवढा. म्हणून एक हिशेब इथे मांडतो. हा माझा कागदावरचा अंदाज आहे, पाहणी नव्हे.

लहान मुलांत ल्युकेमियाचे प्रमाण साधारण लाखात वर्षाला चारच्या आसपास धरू. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मिळून २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या होती. त्यातली पंधरा वर्षांखालची मुले दोन लाख धरा. म्हणजे लाईन असो वा नसो, या दोन तालुक्यांत वर्षाला सात-आठ मुलांना हा आजार व्हायचाच. आता २००० च्या त्या निष्कर्षाप्रमाणे यातली ०.८ टक्के, म्हणजे १,६०० मुले जास्त क्षेत्रात राहतात असे समजू. त्यांच्यात वर्षाला ०.०६४ मुलांना आजार होणार. दुप्पट झाला तर ०.१२८. जादा किती? ०.०६४. म्हणजे दोन्ही तालुके मिळून पंधरा-सोळा वर्षांत एक जादा मूल, तेही तारांचा दोष खरा धरला तर. 'दुप्पट' हा शब्द ऐकून आपण दचकतो, कारण कशाच्या दुप्पट हे विचारत नाही.

एक मूल म्हणजे काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. ते मूल ज्यांच्या घरातले, त्यांच्या हिशेबात ते एकच्या एक असते.

२००५ मध्ये इंग्लंडमधून सर्वात मोठी पाहणी आली. कॅन्सर झालेली २९,०८१ मुले, त्यात ल्युकेमियाची ९,७००. जन्माच्या वेळी त्यांचे घर मोठ्या लाईनीपासून किती दूर होते ते नकाशावर मोजले. २०० मीटरच्या आत ल्युकेमिया सुमारे सत्तर टक्के जास्त. वर्तमानपत्रांनी एवढेच छापले. पण पुढची ओळ महत्त्वाची होती: २०० ते ६०० मीटरच्या पट्ट्यातही तो तेवीस टक्के जास्त दिसत होता, आणि इतक्या अंतरावर लाईनीचे चुंबकीय क्षेत्र नावालाही उरत नाही. जिथे क्षेत्र पोहोचत नाही तिथेही आजार जास्त, तर मग क्षेत्राचा दोष कसा? संशोधकांनी स्वतःच हा प्रश्न घातला. त्याच गटाने १९६२ ते २००८ एवढा मोठा काळ घेऊन २०१४ मध्ये पुन्हा हिशेब केला. जुन्या दशकांत फरक दिसत होता, तो दशकागणिक कमी होत गेला आणि १९८० नंतर जन्मलेल्या मुलांत उरलाच नाही. विजेचा वापर तर वाढत गेला होता. तारा शरीराला अपाय करत असत्या तर उलटे दिसायला हवे होते. बहुधा लाईनींजवळ कोणत्या प्रकारची वस्ती होती, ती कशी बदलली, यात उत्तर असावे. लिओ किनलेन या शास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की दूरदूरच्या ठिकाणांहून माणसे एकदम एका जागी राहायला आली की एखादा साधा संसर्ग पसरतो आणि फार थोड्या मुलांत त्याची परिणती ल्युकेमियात होते. हेही अजून सिद्ध व्हायचे आहे. नवी कारखानदारी आणि नव्या वसाहती आलेल्या आपल्या बारामतीत बसून ते वाचताना मात्र लक्ष वेधून घेते.

'शास्त्रज्ञ काय, आज एक म्हणतात उद्या दुसरं,' असे यावर आपल्याकडे ऐकू येते. त्याला उत्तर म्हणून अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांची हकिगत सांगतो. ऑक्सफर्डच्या या डॉक्टरीणबाईंनी १९५६ आणि १९५८ मध्ये दाखवले की गरोदरपणी आईच्या पोटाचा एक्स-रे काढला असेल तर मुलाला कॅन्सरचा धोका वाढतो. डॉक्टर मंडळींनी वीसेक वर्षे मानले नाही. पण जसजशा नव्या पाहण्या झाल्या तसतसे ते पक्के होत गेले. जितके जास्त एक्स-रे तितका जास्त धोका, हेही दिसले. आज गरोदर बाईचा एक्स-रे टाळतात तो या बाईंमुळे. म्हणजे एकट्या बाईने सुरुवातीला सांगितलेले खरे निघू शकते, वर्थायमरबाईंचेही निघू शकले असते. फरक एवढा, की स्ट्युअर्ट यांचा पुरावा वेळेबरोबर घट्ट होत गेला आणि तारांचा सैल होत गेला. मला स्वतःला तारांवरचा आरोप आता टिकत नाही असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मध्यम मार्ग सांगितला: पुरावा कच्चा आहे, बंदी घालण्याइतका नाही, पण नवीन लाईन किंवा नवीन बांधकाम करताना कमी खर्चात अंतर ठेवता येत असेल तर ठेवा. हॉलंडने २००५ मध्ये नव्या घरांसाठी आणि शाळांसाठी ०.४ चा पट्टा टाळण्याचा सल्ला दिला होता.

आपल्या एका सभासदांच्या जावयांनी मध्यंतरी मोजायचे यंत्र आणले होते, तेव्हा आम्ही चार-पाच जण फिरलो. तारांच्या बरोबर खाली आकडा चढला, कुंपणाशी बराच उतरला, मागच्या ओळीतल्या घरांत पुढच्या ओळीतल्या घरांपेक्षा थोडा जास्त होता. एका स्वयंपाकघरात चालू मिक्सरजवळ यंत्र नेले तर सगळ्यात मोठा आकडा तिथेच आला. त्यानंतर मुलांचे झोके आणि घसरगुंडी कुंपणालगतच्या मोकळ्या जागेतून काढून मंदिरासमोर आणली. खर्च फारसा आला नाही आणि मुलांना सावलीही मिळाली. त्या जागेत आता पार्किंग आहे.

जाता जाता या आजाराच्या उपचाराचे सांगतो, कारण त्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे आणि तो कोणाला माहीत नसतो. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेतून गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो हे तिने १९३१ मध्ये दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे सापडलेले फॉलिक अ‍ॅसिड, आज आशाताई गरोदर बायकांना ज्याच्या गोळ्या देतात ते. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांना दिसले की फॉलिक अ‍ॅसिडने ल्युकेमिया उलट बळावतो. मग फॉलिकला अडवणारे औषध दिले तर? ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिथले प्रमुख होते आपल्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ मध्ये फार्बर यांनी जाहीर केले की १६ मुलांपैकी १० मुलांना उतार पडला. काही महिन्यांचाच, पण तोवर या आजाराला उतार असा नव्हताच. परळलाच १९४१ मध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झाले होते. आज या आजाराची बहुसंख्य मुले, उपचार पुरे केले तर, बरी होतात. 'पुरे केले तर' हे मुद्दाम लिहिले. दोन-अडीच वर्षांचा उपचार पैशाअभावी किंवा 'आता बरा दिसतोय' म्हणून मध्येच सोडणे, हे आपल्या भागात मुले गमावण्याचे मोठे कारण आहे. पंधरा दिवसांहून जास्त ताप, चेहरा पांढरा पडणे, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग, हाडे दुखणे, मानेत-काखेत गाठी. यातले काही दिसले तर टॉनिक देत बसू नये, साधी रक्ततपासणी करून घ्यावी.

आणि लाईनीचा खरा धोका? तो रोज आपल्यासमोर आहे आणि त्यावर सभेत कोणी बोलत नाही. देशात विजेचा धक्का लागून अलीकडे वर्षाला बारा हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे मरतात. ऊस तारेच्या ठिणगीने पेटल्याच्या बातम्या इंदापूर-बारामतीच्या पानावर दर हंगामात असतात. १३२ केव्हीच्या तारेला हात लागावा लागत नाही. ओला बांबू, लोखंडी शिडी, पतंगाचा ओला किंवा धातूचा मांजा पुरेसा जवळ गेला तरी वीज उडी मारते. नियमाप्रमाणे या लाईनीपासून इमारतीचे अंतर उभे किमान ४.६ मीटर आणि आडवे किमान २.९ मीटर हवे, आणि लाईनीचा पट्टा एकूण २७ मीटर, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेतेरा. २२० केव्हीला हा पट्टा ३५ मीटरचा असतो. मागच्या ओळीतल्या तीन बंगल्यांवर गेल्या काही वर्षांत पत्र्याचे शेड चढले आहेत आणि दोघांनी नारळ लावले आहेत, ते आता वाढायला लागले. संक्रांतीला मुले त्याच गच्च्यांवर असतात.

लाईनीचा पट्टा, आपले कुंपण आणि मागच्या ओळीतले बंगले यांची अंतरे दाखवणारा नकाशा आपल्या एका अभियंता सभासदांनी काढून दिला आहे. तो कार्यालयात लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, २००० सालच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या फाईलमागे आहे. वरचा मजला किंवा शेड चढवण्याआधी सचिवांकडून मागून घ्यावा. मागच्या ओळीत घर घ्यायला येणाऱ्यांनाही तो दाखवत जा.